शब्दचर्चा: पीएफमधली ‘कपात’ आणि मालकाची ‘वर्गणी’

रानमोडी: भाची लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे लागली आहे. मूळ पगार १०,०००. पगारपत्रकात ‘कपात’ या रकान्यात भविष्य निर्वाह निधीचे १,२०० रुपये दोनदा आहेत, एकदा ‘कामगार’ आणि एकदा ‘मालक’. मालकाच्या पैशाला कपात म्हणतात का?

दर्याकाठ: मुळीच नाही. कपात पगारातून होते. मालक स्वतःच्या खिशातून भरतो ती वर्गणी, सरकारी कागदावर ‘अंशदान’. आणि हे शब्दापुरतं सोडू नका. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वळता करायला भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेतच मनाई आहे. भाचीच्या हातात किती पडले ते विचारा. बाकी कपाती सोडल्या तर ८,८०० यायला हवेत. ७,६०० आले असतील तर दोन्ही हिस्से तिनेच भरलेत.

कुडाळकरीण: आमच्याकडे नोकरी लागली की पहिला प्रश्न, “फंड कापतत काय?” मालक काय घालतो ते कोणीच विचारत नाही! गिरणीतून सुटून गावाला घर बांधलेली माणसंसुद्धा ‘माझे कापलेले पैसे’ असंच म्हणायची.

‘वर्गणी’ मात्र मला सगळीकडे पटत नाही. गणपतीची वर्गणी दिली की ती सगळ्यांची झाली, आपल्या नावावर राहत नाही. राज्य कामगार विम्याला हा शब्द चपखल बसतो. तिथे कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, सगळं एका गंगाजळीत, आणि आजारी पडेल त्याला उपचार. फंडाचे पैसे आपल्या खात्यावर व्याजासकट साठतात, त्याला ‘हिस्सा’ बरा.

दर्याकाठ: मान्य, पण मालकाच्या बाबतीत दोन्ही शब्द लागतील. त्याच्या १,२०० पैकी ८३३ निवृत्तिवेतन योजनेत जातात, ती सामायिकच. खात्यावर फक्त ३६७ येतात. पासबुकात म्हणून तीन रकाने असतात.

रानमोडी: विचारलं. हातात ७,६०० च आले. नेमताना पगार १०,००० असाच सांगितला होता, मालकाचा वाटा धरून वगैरे काही बोलणं नव्हतं.

दर्याकाठ: मग पगारपत्रक जपून ठेवा आणि पासबुकाशी ताडून बघा. तक्रार ठेकेदारापाशीच थांबवू नका. ठेकेदाराच्या कामगारांचा फंड भरला जातो की नाही, याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवरही आहे. तिथे लेखी द्या, आणि अर्जात ‘कपात’ न लिहिता ‘मालकाचा हिस्सा माझ्या पगारातून वसूल केला’ असं लिहा.