मोकळ्या मैदानावरच्या रॉक कॉन्सर्टमध्ये नेमके कुठे उभे राहावे?

प्रश्न : बेसवालीची आई (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार. माझे आजवरचे गाणे ऐकणे बहुतेक सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहातले, म्हणजे खुर्चीवर बसून, आठव्या-दहाव्या रांगेतून. माझी सोळा वर्षांची मुलगी मात्र दोन वर्षांपासून बेस गिटार, म्हणजे खर्जाच्या स्वरांची गिटार, शिकते आहे आणि तिच्यामुळे गेल्या हिवाळ्यात मी आपल्या शहरातल्या एका मोकळ्या मैदानावर पहिल्यांदाच रॉक कॉन्सर्टला गेले. तो अनुभव थोडा सविस्तर सांगते, म्हणजे माझा प्रश्न नीट कळेल.

आम्ही लवकर पोहोचलो होतो, त्यामुळे मंचाच्या अगदी पुढे, डाव्या बाजूला, लोखंडी बॅरिकेडला टेकून उभे राहायला जागा मिळाली. जागा मिळाली म्हणून दोघीही खूश होतो. पण पहिले गाणे सुरू झाले आणि ड्रमचा प्रत्येक ठोका पोटात जाणवू लागला, छातीचा पिंजरा हलल्यासारखे वाटू लागले, आणि गायकाचे ओठ समोर दहा हातांवर हलताना दिसत असूनही त्याचा एक शब्द कानापर्यंत येईना. मुलीला तर तिचे स्वतःचे वाद्यच ऐकू येत नव्हते. नुसते घुमणे होते, त्यातले स्वर वेगळे काढता येत नव्हते, आणि एवढ्या दिवसांची वाट पाहून हे पदरी पडल्यामुळे ती रडवेली झाली. मागून रेटा वाढला तेव्हा आम्ही कसेबसे बाहेर पडलो, आणि मैदानाच्या मध्यावर येताच, कोणी कानांवरचे हात काढून घ्यावेत तसे सगळे स्वच्छ ऐकू येऊ लागले. त्यानंतर दोन दिवस माझ्या कानात बारीक शिट्टी वाजत राहिली.

येत्या महिन्यात पुन्हा तसाच कार्यक्रम आहे. मुलीला याही वेळी पुढेच उभे राहायचे आहे, कारण तिला बेस वाजवणाऱ्याची बोटे जवळून पाहायची आहेत. मला ऐकायचे आहे, आणि तिला गर्दीत एकटी सोडायची माझी तयारी नाही. तुमच्यापैकी जे अशा कार्यक्रमांना नेहमी जातात त्यांचा अनुभव काय आहे? दोष त्या जागेचा होता, व्यवस्थेचा होता, की माझ्या सभागृहाला सरावलेल्या कानांचा?

उत्तर : कन्सोलमागचा (नागपूर)

ताई, तुमच्या कानांचा दोष मुळीच नाही. मी या शहरात आणि विदर्भात बरीच वर्षे साउंडचे काम करतो आहे, त्यामुळे तुम्ही जे ऐकलेत ते का ऐकू आले हे मी खात्रीने सांगू शकतो.

मोठ्या कार्यक्रमात स्पीकर दोन प्रकारचे असतात. खर्जाचे, ज्यांना आम्ही सब म्हणतो, ते बहुधा मंचासमोर किंवा मंचाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर मांडलेले असतात. आणि आवाजाचा वरचा भाग, म्हणजे गायकाचे शब्द, गिटारची धार, झांजांचा झणत्कार, हे सगळे उंच टांगलेल्या स्पीकरांच्या माळेतून येते, जिला लाइन अरे म्हणतात. ही माळ मंचापासून थोड्या अंतरावरच्या आणि त्यांच्या मागच्या श्रोत्यांवर रोखलेली असते. तुम्ही बॅरिकेडला टेकून उभ्या होत्या, म्हणजे सब तुमच्या गुडघ्यांसमोर आणि शब्द तुमच्या डोक्यावरून. पुढच्या रांगांसाठी मंचाच्या काठावर छोटे स्पीकर ठेवावे लागतात, ज्यांना फ्रंट फिल म्हणतात. ते नसले किंवा त्यांचा आवाज कमी ठेवला गेला, तर पुढच्या माणसाला ठोके मिळतात आणि गाणे मिळत नाही.

आता तुमच्या मुलीसाठी थोडे अधिक लिहितो, कारण ती ज्या वाद्याची विद्यार्थिनी आहे त्याच्यावरच मोकळ्या मैदानात सर्वांत जास्त अन्याय होतो. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर साधारण 41 हर्ट्झचा असतो, आणि हवेत त्याची एक लहर आठ मीटरांपेक्षा थोडी लांब भरते. मंचाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या सबमधून निघालेल्या अशा लांब लहरी मैदानात एकमेकींना भेटतात, त्या भेटीत काही ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात आणि काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात दोन्हीकडचे अंतर सारखे असल्यामुळे खर्ज भरघोस मिळतो, आणि त्या पट्ट्यातून चार-पाच पावले बाजूला सरकले तर एखादा स्वर जवळजवळ नाहीसाही होतो. शिवाय बेसचा स्वर ओळखू येतो तो नुसत्या खर्जामुळे नव्हे. बोट तारेवरून सुटतानाचा जो टणत्कार असतो, तो वरच्या स्पीकरांतून येतो, आणि कान त्याच्याच आधाराने एक स्वर दुसऱ्यापासून वेगळा करतो. सबच्या तोंडाशी उभे राहून ते जमणे शक्यच नव्हते.

माझा सल्ला सोपा आहे. मिक्सरचा, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणाऱ्या यंत्राचा, चौथरा कुठे आहे ते गेटमधून शिरताच पाहावे आणि त्याच्या थोडे पुढे किंवा लगत उभे राहावे. ज्या माणसाच्या बोटांवर सगळा आवाज अवलंबून असतो, तो तिथेच उभा राहून ऐकत असतो आणि त्याच्या कानांना जे बरे वाटते तेच तो बाहेर सोडतो.

यात आपल्या हवेचाही हात आहे. दुपारी चारला मोकळ्या मैदानावर साउंड चेक, म्हणजे आवाजाची चाचणी, होतो तेव्हा ऊन असते, आणि रात्री नऊला हजारो माणसे उभी असताना पारा पार खाली गेलेला असतो. कपड्यांत आणि शरीरांत वरचे स्वर शोषले जातात, थंडीने गिटारच्या पोलादी तारा आकसून सूर चढतो, आणि हवेतला ध्वनीचा वेगही बदलतो. 30 अंशांना तो सेकंदाला साधारण 349 मीटर असतो, 15 अंशांना 340. मागच्या श्रोत्यांसाठी मध्ये उभारलेल्या मनोऱ्यांवरचा आवाज याच हिशेबाने मुद्दाम उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून पहिल्या दोन-तीन गाण्यांवरून कोणत्याही कार्यक्रमाचे मोल करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण तेवढा वेळ आम्ही दुपारचे मैदान विसरून रात्रीचे मैदान समजून घेत असतो.

उत्तर : महालचा जुना श्रोता

वरचे तांत्रिक विवेचन मला पूर्ण मान्य आहे, तरीही चौथऱ्याजवळ उभे राहण्याचा सल्ला सोळा वर्षांच्या मुलीला देताना माझा जीव होत नाही.

आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड भारतात पहिल्यांदा आला तो 17 मार्च 2007 रोजी, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. आम्ही चार मित्र नागपूरहून रेल्वेने सेकंदराबादमार्गे गेलो होतो. जाण्यात जवळजवळ एक अख्खा दिवस गेला आणि परतीच्या गाडीत उभ्याने झोपलो. ज्यांची गाणी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून, प्रत्येक उतारणीत थोडी अधिक खरखर सोसून आम्ही ऐकली होती, ती माणसे समोर होती. मी पुढे होतो. तिथे आवाज कसा होता हे मला खरोखर आठवत नाही. आठवते ते एवढेच की माझ्या शेजारी ईशान्येकडून आलेला एक मुलगा होता, आम्हांला एकमेकांची भाषा नीट येत नव्हती, आणि दोघांनाही प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द येत होता. एका गाण्यात गायक थांबला आणि मैदानाने ते गाणे पुढे नेले, तेव्हा त्या मुलाने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. असे काही मिक्सरच्या चौथऱ्याजवळ घडत नाही असे मी म्हणत नाही, पण पुढे ते घडण्याची शक्यता अधिक असते.

मात्र पुढे जाणाऱ्याने गर्दीचे नियम शिकून जावे. 30 जून 2000 रोजी डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या अमेरिकी रॉक बँडचा कार्यक्रम चालू असताना पुढच्या गर्दीत पडून आणि गुदमरून 9 तरुणांचा जीव गेला. त्यानंतर तिथे मंचासमोरचा भाग बॅरिकेडने लहान लहान कप्प्यांत विभागला गेला, म्हणजे मागची सगळी गर्दी एकदम पुढच्यांवर येऊ नये. एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत आपण आपल्या पायांनी चालतो; सहाच्या पुढे गेल्यावर गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि एकट्याची ताकद संपते. तेव्हा हात खाली अडकू द्यायचे नाहीत, छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखायची, आणि रेट्याच्या विरुद्ध न जाता दोन रेट्यांच्या मधल्या क्षणी तिरके सरकत कडेला यायचे. कोणी पडले तर आधी त्याला उठवायचे, गाणे नंतर. हा शेवटचा नियम मला माझ्या पिढीतल्या मोठ्या श्रोत्यांनी शिकवला, आणि आजची मुले तो आमच्याहून कसोशीने पाळतात हे मी पाहिले आहे.

उत्तर : कान-नाक-घसा (धंतोली)

ताई, दोन दिवस वाजलेली ती शिट्टी गांभीर्याने घ्या. 85 डेसिबलचा आवाज माणूस आठ तास सोसू शकतो असे मानतात. पुढे दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात, आणि सबच्या समोर आवाज त्याहून सहज अधिक असतो. अंतर्कर्णातल्या ज्या केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मरतात त्या पुन्हा येत नाहीत. कापसाच्या बोळ्यांनी फारसे काही होत नाही. फोमचे इअरप्लग औषधांच्या दुकानांत मिळतात: ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने बाहेरचा कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. वाद्य शिकणाऱ्या मुलीसाठी मात्र संगीतकारांचे वेगळे प्लग घ्यावेत, कारण ते सगळे स्वर बऱ्यापैकी सारखेच कमी करतात आणि गाणे मंद होते, पण मळत नाही.

उत्तर : तिसरी रांग (प्रतापनगर)

मावशी, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि नेहमी पुढेच उभी राहते, म्हणून तेवढेच सांगते. बेस वाजवणारा मंचाच्या कोणत्या बाजूला उभा असतो हे त्या बँडच्या जुन्या चित्रफिती पाहून आधीच समजते. त्याच बाजूला, पण बॅरिकेडच्या टोकाशी उभे राहावे, म्हणजे एका अंगाला गर्दी नसते आणि बाहेर पडायला वाट राहते. अगदी मध्यभागी, जिथे मुले गोल करून एकमेकांवर आदळतात, तिथे ज्यांना ते हवे आहे त्यांनीच जावे. बंद बूट घालावेत. मुलींना गर्दीत जो त्रास दिला जातो तो इथेही होतो, आणि त्या वेळी गप्प न राहता बॅरिकेडपलीकडच्या सुरक्षारक्षकाला हात वर करून बोलवावे. मी दोनदा बोलवले आहे आणि दोन्ही वेळा आजूबाजूच्या अनोळखी मुलांनी माझी बाजू घेतली. शेवटच्या मेट्रोची वेळ पाहून ठेवा, कारण कार्यक्रम सुटल्यावर सगळे मैदान एकाच वेळी रिक्षा शोधू लागते.

पुन्हा : बेसवालीची आई

काल रात्री जाऊन आलो. तुम्हां सर्वांचे ऐकले, म्हणून सर्वांना सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली चार गाणी बॅरिकेडच्या उजव्या टोकाशी ऐकली, कारण वादक त्या बाजूला होता. दोघींच्या कानांत प्लग होते. मुलीने त्याच्या हातावरची नजर एकदाही हलवली नाही. तो तर्जनी आणि मधले बोट आलटून पालटून वापरतो, आणि जोरकस जागी अंगठा तारेवर टेकवून बाकीच्या तारांना गप्प करतो, हे तिने मला कानाशी ओरडून सांगितले. महालच्या काकांनी लिहिले तसा एक क्षणही आला. सगळे गात होते, मला शब्द येत नव्हते, तरी शेजारच्या मुलीने माझा हात धरून वर केला आणि तो मी खाली घेतला नाही.

मग कडेकडेने मागे येऊन चौथऱ्यालगत उभे राहिलो. थंडी चांगलीच वाढली होती, आणि मिक्सरवरचे दादा हातमोज्यांची बोटे कापून काम करत होते. तिथे आवाज असा होता की डोळे मिटले तरी कोणते वाद्य कुठे आहे ते सांगता येत होते. मुलीने डोळे मिटलेच. तिच्या डाव्या हाताची बोटे जॅकेटच्या बाहीवर पडदे दाबत होती, आणि ती वादकाच्या बरोबरीने सरकत आहेत हे मला, काही कळत नसताना, दिसत होते.

मेट्रोसाठी शेवटचे गाणे अर्धे सोडून निघालो. दर वीस-पंचवीस पावलांवर आवाज बदलत होता: आधी झांजा विरल्या, मग शब्द पुसट झाले, गिटार राहिली, तीही गेली. गेटच्या बाहेर, पत्र्याच्या कुंपणापाशी, नुसता घुमकारा उरला होता, अगदी गेल्या वर्षी जसा ऐकला होता तसा. मुलगी थांबली, तिने हातमोजा काढून तळवा पत्र्यावर टेकवला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आई, आता तो खालच्या तारेवर गेला." मीही हात टेकवला. पत्रा थरथरत होता, आणि खरोखर, थरथर बदलली होती.