'लेफ्ट नेग्लेक्ट'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: मामांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला, डिस्चार्ज कार्डवर 'लेफ्ट नेग्लेक्ट' लिहिलंय. मी घरी सांगितलं डावीकडे दुर्लक्ष होतं, तर मामी म्हणते हो ना, मुद्दामच करतात, भाजी-आमटी संपवतात आणि चटणी कोशिंबीर तशीच ताटात. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद: सरळ 'डावं आंधळेपण' म्हणा की.

प्रतिसाद: नको हो. अर्धी नजर जाते तो हेमिअनोपिया, त्यात बऱ्याचदा माणसाला कळतं की तिकडचं दिसत नाहीये, मग तो मान वळवून बघतो. इथे नजर शाबूत असू शकते पण डावी बाजू आहे हे माणसाच्या गावीही नसतं. 1978 साली मिलानमधे बिझियाक आणि लुझात्ती या संशोधकांनी हाच त्रास असलेल्या दोन पेशंटना सांगितलं की तिथल्या कॅथेड्रलचा चौक आठवा, कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात समजा, काय काय दिसतं? तर सांगितलं ते बहुतेक उजवीकडचंच. मग म्हणाले आता उलटे, कॅथेड्रलकडे पाठ करून उभे रहा, तर आधी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधीच्या गायब! आठवणीतल्या चौकाला कसलं आलंय आंधळेपण.

प्रतिसाद: मग 'अनवधान'? त्यात हेतू नसतो.

प्रतिसाद: छापायला ठीक, पण मामींना काय कळणार. शिवाय अनवधानाने राहिलेलं दाखवून दिलं की माणूस सावरतो, इथे तेवढ्याने भागत नाही. मी फिजिओ आहे, आडवी रेघ देऊन मध्यावर खूण करा म्हटलं की खूण उजवीकडे सरकते, घड्याळ काढायला लावलं तर काहीजण बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात. आम्ही घरच्यांना सांगतो 'डावीकडे लक्ष जात नाही'. लक्ष देत नाही वेगळं, जात नाही वेगळं.

प्रश्नकर्ता: हे मामीला पटलं! ताट फिरवून दिलं तर कोशिंबीर खाल्ली पण. पेपरात 'नगरपालिका'चं नुसतं 'पालिका' वाचतात, ते पण यातलंच का?

प्रतिसाद: शक्यता तीच. कॉलमच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढून द्या, आधी रेघ शोधायची मग वाचायचं. आणि रस्त्यावर एकट्याला सोडू नका.