कोटेशनमध्ये प्रोसेसर भारी आणि ग्राफिक्स कार्ड हलके आहे. हा मेळ योग्य आहे का?

लोकमान्यनगरकर (इंदूर):

नमस्कार. माझी मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असून तिला घरी एक असेम्बल केलेला संगणक हवा आहे. त्यावर स्केचअप, ऑटोकॅड आणि ब्लेंडर ही कामाची सॉफ्टवेअर चालावीत आणि सुट्टीत तिला तिचे गेमही खेळता यावेत, अशी अपेक्षा आहे. गेमविषयी मी अनभिज्ञ आहे. मुख्यतः व्हॅलोरंट आणि सायबरपंक २०७७ ही दोन नावे तिने मला सांगितली. मॉनिटर धरून आमची मर्यादा एक लाख दहा हजारांपर्यंत आहे आणि ती ओलांडण्याची माझी तयारी नाही.

ओळखीच्या एका दुकानदाराने पुढील यादी दिली आहे: इंटेल कोअर आय ७-१२७००केएफ प्रोसेसर, एच ६१० चिपसेटचा (मदरबोर्डवरची नियंत्रक चिप) डीडीआर ४ मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड ६ जीबी, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा; कंपनीचे नाव लिहिलेले नाही), समोर काच आणि रंगीत दिवे असलेले कॅबिनेट, आणि २७ इंची फुल एचडी मॉनिटर, ७५ हर्ट्झ. "आय ७ घेतल्यावर पाच वर्षे बघावे लागणार नाही," असे त्यांचे म्हणणे आहे. मुलीच्या मते ग्राफिक्स कार्ड कमकुवत आहे. दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम असल्याने निर्णय माझ्याकडे आला आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

जुना सर्किटवाला (इंदूर):

ताई, मुलीचे म्हणणे बरोबर आहे. मात्र यादीत ग्राफिक्स कार्डापेक्षाही अधिक खटकणारी एक गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येतो.

गेमिंगचा संगणक ठरवताना सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदाला किती काम करायचे आहे हे तोच ठरवतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ते ३६.९ लाख होतात, म्हणजे कार्डावरचा भार जवळपास पावणेदोन पट होतो. २७ इंची पडद्यावर फुल एचडी घेतले तर दर इंचाला जेमतेम ८२ ठिपके येतात आणि नकाशाच्या बारीक रेषा दातेरी दिसतात. तुमच्या मुलीला दिवसाचे कित्येक तास त्याच रेषा पाहायच्या आहेत. तेव्हा २७ इंच हवा असेल तर १४४० चा घ्यावा, आणि फुल एचडीच परवडत असेल तर २४ इंचांवर थांबावे. दोन्ही आकारांत १४४ हर्ट्झ किंवा अधिकचे पॅनेल मिळतात. ७५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन व्हॅलोरंट खेळण्यात अर्थ नाही, कारण संगणकाने सेकंदाला दोनशे चित्रे काढली तरी पडदा त्यांतली ७५च दाखवणार.

आता प्रोसेसर. १२७००केएफमधील 'के' म्हणजे वेग वाढवण्याची, अर्थात ओव्हरक्लॉकिंगची मुभा, आणि एच ६१० चिपसेट ती मुभा देतच नाही. त्यामुळे 'के'साठी दिलेले जादा पैसे पहिल्याच दिवशी वाया जातात. शिवाय हा प्रोसेसर पूर्ण भारावर १९० वॅटपर्यंत वीज घेतो आणि स्वस्त एच ६१० बोर्डांवरील वीजपुरवठ्याचा भाग तेवढ्यासाठी बांधलेला नसतो. बोर्ड तापला की प्रोसेसर आपोआप मंदावतो. या प्रोसेसरबरोबर पंखाही येत नाही, आणि यादीत तो कुठेच दिसत नाही. स्केचअप आणि ऑटोकॅड बहुतांश काम एकाच कोअरवर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) करतात, त्यामुळे बारा कोअरचा लाभ तिथे फारसा मिळत नाही. तो ब्लेंडरच्या रेंडरमध्ये, म्हणजे मॉडेलचे अंतिम चित्र तयार करताना, मिळेल खरा, परंतु तेच रेंडर चांगल्या ग्राफिक्स कार्डावर कितीतरी लवकर होते.

आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ही त्याच नावाच्या ८ जीबी आवृत्तीपेक्षा प्रत्यक्षात वेगळे, खालच्या दर्जाचे कार्ड आहे. तिच्यातील कोअर कमी आहेत, आणि मेमरीचा मार्ग १२८ ऐवजी ९६ बिटचा आहे. केवळ ७० वॅटमध्ये चालते हा तिचा गुण जुन्या ऑफिसच्या संगणकात बसवण्यासाठी उत्तम, पण सायबरपंकसारखा खेळ १४४० वर चालवणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. एकूण खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा कार्डासाठी ठेवावा, असे मी सांगेन. तुमच्या मर्यादेत एएमडी कंपनीचे रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी बसण्यासारखे आहे. याच नावाने ८ जीबीचेही कार्ड मिळते, ते घेऊ नये. नव्या खेळांत टेक्श्चर (पृष्ठभागांचा बारीक तपशील) उच्च ठेवले की ८ जीबी लवकर भरते आणि चित्र अडखळू लागते.

प्रोसेसर रायझन ५ ७६०० पुरेसा आहे. सहा कोअर, ६५ वॅट, डब्यात पंखा. त्यासाठीचे एएम ५ सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसण्याची जागा) २०२२ साली आले आणि ते निदान २०२७ पर्यंत चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, त्यामुळे तीन वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून काम भागेल. रॅम मात्र डीडीआर ५, म्हणजे डीडीआर ४ च्या पुढच्या पिढीची, लागेल.

आणि ती खटकणारी गोष्ट: बिननावाचा एसएमपीएस. डब्यावर ४५० लिहिलेले असले तरी बाजूचे लेबल वाचावे. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात; तिथे २२ अँपिअर लिहिलेले असेल तर प्रत्यक्षात कामाचे वॅट २६४च झाले. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, आतील संरक्षण कसे आहे हे सांगत नाही. नामांकित कंपनीचा, पाच वर्षे वॉरंटीचा, ५५० ते ६५० वॅटचा घ्यावा. हा एक भाग बिघडला तर तो इतर भागांना बरोबर घेऊन जाऊ शकतो.

तिसरा मजला (बडोदे):

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ग्राफिक्स कार्डाबाबत माझे मत वेगळे आहे. मुलगी ब्लेंडर वापरणार असेल तर एनव्हिडियाचा, म्हणजे आरटीएक्स कार्डांच्या कंपनीचा, विचार गांभीर्याने करावा. ब्लेंडरचे सायकल्स हे रेंडर करणारे इंजिन एएमडीच्या कार्डांवर एचआयपी या त्यांच्या प्रणालीद्वारे चालते हे खरे, पण एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स (OptiX) या प्रणालीवर त्याच किमतीच्या वर्गात रेंडर सामान्यतः लवकर होते. आर्किटेक्चरच्या सबमिशनच्या आदल्या रात्री तो फरक जाणवतो. माझ्या घरी एक आर्किटेक्ट आहे, त्यामुळे हे अनुभवाने लिहीत आहे. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, १८० वॅट, हे माझ्या मते अधिक योग्य कार्ड ठरेल. ते महाग पडेल, हे मान्य.

हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारा मार्ग) आठच मार्गिका वापरते, ९०६० एक्सटी सोळा वापरते. नव्या बोर्डावर याने काही बिघडत नाही; पीसीआय ३.० असलेल्या जुन्या बोर्डावर मात्र फरक पडतो.

दुसरी गोष्ट रॅमची. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती ज्या रीतीने चढल्या आहेत, त्या पाहता ३२ जीबी डीडीआर ५ आणि १६ जीबीचे कार्ड ही दोन्ही एक लाख दहा हजारांत बसवणे कठीण आहे. एक पट्टी आज आणि एक उद्या, असा मार्ग पुष्कळ जण सुचवतात. पण एका पट्टीवर मेमरीचा मार्ग अर्धाच राहतो आणि त्याचा फटका व्हॅलोरंटसारख्या, प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या खेळांना अधिक बसतो. तरीही ८ जीबीच्या दोन डीडीआर ५ पट्ट्यांपेक्षा मी १६ ची एक घेऊन थांबेन, कारण ८ च्या पट्ट्या पुढे काढूनच टाकाव्या लागतात.

राजेंद्रनगर क्र. ४ (इंदूर):

सुटे भाग वरच्या दोघांनी पाहिले आहेत, मी इंदूरच्या हवेबद्दल आणि विजेबद्दल लिहितो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. खोलीत जेवढे अंश वाढतात, साधारण तेवढेच आतील भागांचे तापमान वाढते. त्यामुळे समोर काच असलेले कॅबिनेट माळव्यात घेऊ नये. समोर जाळी, तिच्यामागे काढून धुता येईल असा फिल्टर, आत हवा घेणारे दोन पंखे आणि बाहेर टाकणारा एक, एवढे असले की पुरे. आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटींतून न येता फिल्टरवरच अडकते. दिवे हवेच असतील तर तिच्या हौसेखातर पंख्यांचे असू द्यावेत, त्याने नुकसान होत नाही. पाण्याचा कुलर लावत असाल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही अशी टेबलाची जागा ठरवावी.

यूपीएसचा उल्लेख कोणीच केलेला नाही. वरील दोन्ही कार्डांपैकी कोणतेही घेतले तरी खेळताना मॉनिटरसह भिंतीवरचा भार साडेतीनशे वॅटच्या आसपास जाऊ शकतो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, म्हणजे वीज जाताच तो भारामुळेच बंद पडण्याची शक्यता आहे. १००० व्हीएच्या पुढचा घ्यावा. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असे समजू नये. चांगला एसएमपीएस वीज खंडित झाल्यावर सुमारे १७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या इन्व्हर्टरला पलटी मारायला त्याहून अधिक वेळ लागला की संगणक बंद होतो आणि न जतन केलेले काम जाते.

लोकमान्यनगरकर (इंदूर):

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने सर्व उत्तरे वाचली आणि स्वतःचे म्हणणे खरे ठरल्याचा आनंद लपवला नाही. तिने एक नवीन माहिती दिली आहे. माझ्या यजमानांचा तीन वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आता वापरात नाही, त्यात ८ जीबीच्या दोन डीडीआर ४ पट्ट्या, ३२०० वेगाच्या, आहेत. त्या नव्या संगणकात चालतील का? चालत असतील तर वाचलेले पैसे कुठे लावावेत?

जुना सर्किटवाला (इंदूर):

ताई, या माहितीने माझा मागील सल्ला बदलतो. या पट्ट्या एएम ५ वर चालणार नाहीत, कारण डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांची खाच वेगळ्या जागी असते आणि पट्टी बसतच नाही. रॅमचे आजचे भाव पाहता हातात असलेली १६ जीबी सोडून देणे परवडणारे नाही, आणि डीडीआर ४ देखील आता पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही.

तेव्हा दुकानदाराने सुचवलेला इंटेलचाच मार्ग घ्यावा, मात्र प्रोसेसर आय ५-१२४०० असावा. सहा कोअर, बारा थ्रेड, डब्यात पंखा. शेवटी 'एफ' नसलेला घेतल्यास त्यात आपले ग्राफिक्स असते. उद्या कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेले तर पडदा काळा राहत नाही आणि कॉलेजचे काम चालू राहते. फरक थोडाच असेल तर तो द्यावा. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरांत २०२४ साली अस्थिरतेचा जो दोष उघड झाला, तो १२ व्या पिढीत नाही.

मदरबोर्ड एच ६१० ऐवजी बी ७६०, डीडीआर ४ चा आणि शक्यतो रॅमच्या चार खाचांचा घ्यावा. एच ६१० वर एसएसडी पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५०० मेगाबाइटने चालते. बी ७६० वर चौथ्या पिढीचा वेग मिळतो. खेळ उघडण्यात हा फरक क्वचितच जाणवतो, त्यामुळे खरे कारण रॅमच्या जादा खाचा हेच समजावे. एसएसडी एक टीबीची हवी, कारण मोठे खेळ एकेकटे शंभर जीबीच्या आसपास जातात.

या सॉकेटला पुढे भवितव्य नाही, हे मी लपवत नाही. परंतु वाचलेल्या पैशांत ५०६० टीआय १६ जीबी बसते आणि बडोद्याच्या मित्रांचा मुद्दा मला पटला आहे. ब्लेंडर रोजचे असेल तर तेच घ्यावे. कार्ड पुढच्या संगणकातही नेता येते.

तिसरा मजला (बडोदे):

सहमत. काकूंनी जुन्या पट्ट्या काढण्यापूर्वी तो डेस्कटॉप आकाराने फार लहान तर नाही ना, हे पाहून घ्यावे. अशा छोट्या डब्यांत पुष्कळदा लॅपटॉपच्या आखूड पट्ट्या असतात आणि त्या साध्या मदरबोर्डात बसत नाहीत.

राजेंद्रनगर क्र. ४ (इंदूर):

ही यादी कागदावर उतरवून आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमधील दोन-तीन दुकानांत भाव काढावा, आणि ऑनलाइन भावाशी ताडून पाहावा. दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर इंदुरातूनच घ्यावे, कारण बिघाड झाला की समोर माणूस असतो.

प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच मागावा. 'ट्रे' म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते आणि पंखाही मिळत नाही. बिल १८ टक्के जीएसटीसह पक्के घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल व सिरियल नंबर लिहून घ्यावेत. '१६ जीबी ग्राफिक्स कार्ड' एवढेच लिहिलेले बिल वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

पैसे देण्यापूर्वी संगणक दुकानातच चालू करून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅम ३२०० वर चालत असल्याची खात्री करावी. तसे नसेल तर एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवण्याची तिथलीच सेटिंग, सुरू करून घ्यावे. घरी आल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डात न लावता ग्राफिक्स कार्डात लावावी आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ दिसत असेल तर ते मुलीकडून १४४ करून घ्यावे.