बालचित्रवाणी आठवते का? आपल्या मातीतले मुलांचे कार्यक्रम : अनुभव लिहा

वावरातून
परवा तान्ह्या पोळ्याला लेक लाकडी बैल सजवता सजवता म्हणाली, "बाबा, टीव्हीतले पोट्टे पोळा काहून करत नाहीत?" मला एकदम बालचित्रवाणी आठवली. शाळकरी पोरांसाठी मराठीत कार्यक्रम बनवणारी पुण्याची सरकारी संस्था. त्यात पाहिलेला प्रयोग आम्ही लगेच अंगणात करून बघायचो. टीव्हीतलं आपल्यालाही जमते, हा विश्वास मला तिथून आला. लेकीलाही तो मिळावा असं फार वाटते. तुमचंही लिहा.

दर्यापूरकर
ती सुरुवातीची धून!!! गुरुजी शाळेतल्या टीव्हीच्या पेटीचं कुलूप काढायचे अन् नेमकी लाईट जायची 😄

कापूसवेचणी
एक पोट्टं कवेलूवर अँटेना फिरवायले, बाकी खालून "आलं आलं... गेलं!" मुंग्याच जास्त दिसत. पण माही आई, शाळेचं तोंड न पाहिलेली, चूल सोडून बघत बसे. हिंदी बातम्या तिच्या डोक्यावरून जायच्या, हे समजायचं. पाणी उकळून प्यायचं तिले तिथूनच पटलं. आम्ही सांगून थकलो होतो.

जुना_रेडिओ
शाळेत टीव्ही आले ते इन्सॅट उपग्रहांमुळे. 1983 ला इन्सॅट-1बी वर गेला, मग केंद्राच्या योजनेत सहा राज्यांत अशा संस्था निघाल्या. आपली 1984 ची. 2017 साली बंद केली. मला अजून वाईट वाटते.

दर्यापूरकर
बंद झाली?? मले आजच समजलं बापा.

गावची_बाई
मी झेडपी शाळेत शिकवते. 2020 ला शाळा बंद होत्या, तेव्हा जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायची, पहिली ते आठवीसाठी. माझ्या वर्गात बऱ्याच घरी मोठा फोनच नव्हता. पोरं आईसोबत बसून घरातल्याच वस्तू घेऊन करायची. एक आई म्हणाली, "बाई, मलेही अपूर्णांक आता समजले." टीव्हीवर असं रोज असायला पाहिजे, संकटापुरतं नको. कुकरची शिट्टी झाली, बाकी मग लिहिते.

मेळघाट
धारणीकडं आमच्या पोरांची घरची भाषा कोरकू. शाळेतली मराठीच त्यांना नवी, वरून कार्टून हिंदीत. मी वर्गात कोरकू गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरचं पोरगं पुढं सरकते. ती गोष्ट टीव्हीवर कधी दिसेल?

वावरातून
@मेळघाट दादा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एखादी गोष्ट इथं लिहा नं, लेकीला वाचून दाखवतो.

मेळघाट
लिहितो रात्री. गाय व्यायली, तिकडं आहे.

कापूसवेचणी
वा! खरवस पाठवा 😀

दर्यापूरकर
ताई, तुमच्याकडं सोयाबीन पिवळं पडलं का? आमचं अर्धं वावर गेलं.

कापूसवेचणी
हो नं भाऊ. पऱ्हाटी बरी आहे. फोटो टाका, आमचे हे पाहून सांगतील.