प्रतिसाद : गच्चीवरचा हवेचा हॉट टब

हवा भरून फुगवायचा, गरम पाण्यात बसायचा हॉट टब गच्चीवर ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. चौघांच्या टबात 800 लिटर पाणी धरलं तर नुसतं पाणीच 800 किलो, वर माणसं. आमच्या जुन्या स्लॅबला इंजिनिअरने सरळ नको म्हटलं, म्हणून टब अंगणात आला.

वरच्या एका प्रतिसादात कुणीतरी 'दर आठवड्याला टबाचं पाणी बदला' लिहिलंय. सोलापुरात? इथे नळाला रोज पाणी येत नाही हो! मी दोन-अडीच महिने तेच पाणी वापरतो. क्लोरीन आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा (7.2 ते 7.8 हवा), पाणी तपासायच्या पट्टीने बघायचा, फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी धुवायचा. आणि डोक्याला तेल लावून कुणी उतरायचं नाही; पाहुण्यांना हे सांगताना जीव जातो. बोअरचं पाणी मात्र टाळा. आमचं इतकं जड की पहिल्याच हिवाळ्यात हीटरवर पांढरा थर बसला.

विजेचं म्हणाल तर 800 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला किमान 19 युनिट लागतात. झाकण उघडं राहिलं की आणखी. थंडीत रात्री झाकणावर जुनी सोलापुरी चादर टाकतो, हीटरपासून लांब.

एप्रिल-मेमध्ये हीटर बंदच. उन्हाने हवा फुगते, म्हणून सकाळी टबात हवा टम्म भरू नका. माझी एक शिवण अशीच उसवली. उन्हाळ्यात आम्ही टबात गार पाणी भरून पोरांना सोडतो.