हिंजवडीत आठवड्याला ३ दिवस हजेरी सक्तीची, कराड सोडू का?

संगमावरचा:
मार्च २०२० ला लॅपटॉप सॅकमध्ये घालून कराडला आलो तो आजपर्यंत इथूनच काम करतोय. आता मेल आलाय, पुढच्या महिन्यापासून मंगळ-बुध-गुरु हिंजवडीत यायचं. कराड-पुणे १६० किमी, खंबाटकी घाटात अडकलो तर दिवसच गेला, रोजचं येणंजाणं विसराच. वाकडला वन बीएचके २२ हजार सांगतायत, डिपॉझिट वेगळं. बाबांना मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हातपाय अजून नीट उचलत नाही, सकाळचा व्यायाम मी करून घेतो आणि आईला एकटीला त्यांना उठवून बसवणं जमत नाही. दुसरीकडे पूर्ण रिमोटची ऑफर आहे पण पगार पाचव्या हिश्श्याने कमी. वय ३१, अनुभव ८ वर्षं. घरून काम केल्यावर माणूस खरंच मागे पडतो का?

फेज_थ्रीवाली:
दादा आधी वहीत हिशोब मांड. भाडं, लाइट, मेस, दर आठवड्याची एसटी, आणि तू नसताना बाबांसाठी ठेवावा लागेल तो माणूस. पाचवा हिस्सा त्यातच जातोय का बघ. भाड्यावर टॅक्स वाचेल असं धरू नकोस, एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याची सूट इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजिममध्येच मिळते, नव्यात नाही. आणि वाकड जवळ वाटतं पण संध्याकाळी सहाला हिंजवडी फेज ३ मधून निघालं की भूमकर चौकापर्यंतच तास जातो, पावसात विचारूच नको.

जुना_लीड:
मागे पडतो का विचारलंस म्हणून खरं सांगतो. २०२१ मध्ये माझ्या टीममध्ये दोन फ्रेशर घरूनच जॉइन झाले, त्यातला एक तीन आठवडे एकाच एररवर अडकला होता आणि कॉल करायला लाजत होता, शेजारी बसला असता तर मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं असतं. नव्या पोरांसाठी ऑफिस पाहिजेच या मताचा मी आहे. तुझं तसं नाही, काम तुला येतंय. पण नवीन प्रोजेक्टला माणूस निवडताना समोर दिसतो त्याचं नाव आधी तोंडात येतं, मी स्वतः तसं केलंय आणि ते चुकीचं होतं, एका चांगल्या मुलीचं प्रमोशन त्यात वर्षभर लांबलं. म्हणून रिमोट घेतलंस तर केलेलं काम दर आठवड्याला लिहून मॅनेजरला पाठवत जा. त्याआधी एचआरला डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून मेल टाक, आठवड्याला ३ दिवसांऐवजी महिन्यातून एक सलग आठवडा माग. तोंडी बोलू नकोस, मॅनेजर बदलला की तोंडी कबुली संपते.

पाळणाघर:
मी उलट्या बाजूने बोलते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपल्यावर मी घरून काम मागून घेतलं, २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात तशी सोय आहे, कामाचं स्वरूप तसं असेल आणि कंपनी तयार असेल तर. पण घरात असलं की सगळ्यांना वाटतं ही मोकळीच आहे, कुकर लाव, दार उघड, आणि रात्री अकराला परत लॅपटॉप. वर्षभराने मीच ऑफिसला गेले, ५० किंवा जास्त स्टाफ असला की पाळणाघर द्यावंच लागतं, ते मिळालं. तू कुठेही काम कर पण बाबांसाठी दिवसा चार तास तरी माणूस ठेव. मीटिंग चालू असताना आईने हाक मारली तर तू उठणारच, आणि दोन्हीकडे जीव अर्धाच लागतो.

संगमावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हिशोब मांडला, माणसाचा खर्च धरला तर दोन्हीकडे महिन्याला हजार-दीड हजाराचाच फरक उरतोय. एचआरला मेल गेलाय, सर्टिफिकेटसकट, सलग आठवडा मागितलाय. रिमोटवाल्यांनी शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय, तोवर उत्तर आलं नाही तर तिकडे हो म्हणतोय. बाबा म्हणतायत तू जा पुण्याला, आई काही बोलत नाहीये. कराडात घरी येऊन व्यायाम करून घेणारा फिजिओ कुणाला माहीत असेल तर सांगा, सकाळी आठच्या आत येणारा हवाय.