रोंदो कसा घेता? अनुभव लिहा

राइटबॅक_सोलापूर
पार्क मैदानाच्या कडेनं जाताना पोरं फुटबॉलचा रोंदो, चारात एक, खेळताना दिसली (बाहेरचे चौघं आपसात पास देतात, मधला एक बॉल हिसकावतो), जुना सराव आठवला. हे नाव कुठलं, आणि तुम्ही कसा घेता?

जुनी_जर्सी
स्पॅनिश. बार्सिलोना क्लबच्या पोरांच्या संघांत लाउरेआनो रुइझ यांनी १९७०च्या दशकात तो रुजवला. १९८८ला योहान क्रायफ तिथं प्रशिक्षक म्हणून आले आणि तो रोजचाच झाला. इटलीत तोरेल्लो म्हणतात, म्हणजे लहान बैल. मधला बिचारा बैल 😄

सहाचा_सराव
चारात एकला ८ बाय ८ मीटर, पाचात दोनला १० बाय १०. चौकोन मोठा केला की मधल्याचा दाबच येत नाही, नुसती पासिंग होते. दोन टच, म्हणजे बॉलला दोनदाच पाय, ज्याचा बॉल जाईल तो मध्ये. सरावानं पोरं एका टचवर आली की चौकोन मीटरभर कमी करा.

मधला_बैल
पाचात दोन घेताना दोघं एकदम बॉलवर धावतात, तिथंच घोळ बे. एकानं अंगावर जायचं, दुसऱ्यानं मधली फट बुजवायची. नाहीतर दोघांच्या मधून पास गेलाच.

जुनी_जर्सी
+१. बाहेरचे पण कोपऱ्यात खुंटासारखे उभे राहतात. बॉल फिरला की बाजूवर दोन पावलं सरकायचं, म्हणजे बॉलवाल्याला डावा, उजवा आणि मधला असे तिन्ही रस्ते मिळतात. अंग चौकोनाकडे वळवून ठेवा, बॉल लांबच्या पायावर घ्या.

राइटबॅक_सोलापूर
खुणेचे प्लास्टिकचे कोन नाहीत ओ, विटा चालतील?

सहाचा_सराव
विटा नको, घोटा जाईल. चपला ठेवा.

आई_टचलाइनवर
मे महिन्यात पण घेताय?? ४२ डिग्री! उरकून घ्या की सातच्या आत. माझी पोळी करपतेय, नंतर लिहिते.

मधला_बैल
मधल्यांना दर मिनिट-दीड मिनिटाला बदला. दमलेला मधला नुसता बघत उभा राहतो, मग बाहेरच्यांचा सराव फुकट.

होम_मैदान
जानेवारीत गड्डा यात्रा भरली की आमचं मैदान गेलंच, तेव्हा कुठं खेळता तुम्ही?

सहाचा_सराव
कुठल्याही शाळेच्या मागं. ८ मीटरच लागतात. फक्त कडक जमिनीवर बॉल जरा कमी फुगवा. नियमात हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय आहे, ९च्या आसपास ठेवा. फुल हवेचा बॉल टप्प्यानं गुडघ्यापर्यंत उडतो, पहिला टचच बिघडतो.

राइटबॅक_सोलापूर
पंप कुणाकडे आहे?

मधला_बैल
माझ्याकडे. सुई तुमची आणा.